मयताचा चहा

दूध सोडल्यावर पहिल्यांदा गावी गेले, त्या दिवशीची गोष्ट. आईनं गॅसवर आधण ठेवलं होतं. साखर पडली, ठेचलेलं आलं पडलं, पावडर पडली, आणि ती दुधाच्या पातेल्याकडे वळली तेव्हा मी म्हणाले, "आई, माझा कोरा काढ."

तिचा हात झाकणावरच थांबला. मागं न बघता तिनं विचारलं, "का गं? कोन मेलंय घरात?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी हसले. ती वळली तेव्हा तिचा चेहरा बघून माझं हसू गेलं, पण तोवर उशीर झाला होता.

आमचं गाव इस्लामपूरजवळचं, उसाच्या पट्ट्यातलं. तिकडे कुणी वारलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचं कुणीतरी किटली भरून चहा आणतं, बिनदुधाचा. दुपारी भावकीतून डाळ-भाकरी येते, तिला कडू भाकरी म्हणतात. दिवसकार्य होऊन गोड जेवण झालं, की मगच त्या घरातल्या चहात दूध पडतं. म्हणून कोरा चहा म्हणजे मयताचा चहा. आई स्वतः अशी किटली घेऊन कितीतरी घरी गेलेली, आणि लहानपणी तिच्या मागून कपांची पिशवी घेऊन मीही गेलेली. मला हे माहीत नव्हतं असं नाही. सांगलीत अठरा वर्षं राहून, लिंबाचा चहा आणि गवती चहा पिऊन, मी ते विसरले होते एवढंच.

"ह्या घरात कोरा च्या हुनार न्हाई," आई म्हणाली. "प्यायचा तर दुधाचा पी, न्हाईतर पानी पी."

मी पाणी प्यायले. आमच्या घरात हट्ट वाटून देत नाहीत, ज्याला त्याला अख्खा मिळतो.

पुढची चार वर्षं मी आईच्या हातचा चहा प्यायले नाही. ऐकायला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण आई आणि मी कधी समोरासमोर बसून बोलणाऱ्या नव्हतो. ती गोठ्यात, रानात, चुलीपुढं. दिवसातून दोनदा, चहाचा कप हातात असेपर्यंत, ती बसायची. माझं लग्न मोडायला आलं होतं तेही मी तिला चहावरच सांगितलं होतं आणि मोडलं तेही. चहा गेला आणि आमची बसायची जागाच गेली.

दूध मी दयेपोटी सोडलं असं सांगायला बरं वाटतं. खरी गोष्ट पोटाची आहे. दोन वर्षं पोट बिघडलेलं, डॉक्टर म्हणाले दोन महिने दूध बंद करून बघा. बंद केलं, पोट सुधारलं. तिसऱ्या महिन्यात मी पुन्हा दही लावायच्या बेतात असताना शाळेतली एक मैत्रीण मला एका जेवणाला घेऊन गेली. बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या गच्चीवर महिन्यातून एका रविवारी दहा-बारा माणसं जमायची. प्रत्येकानं एक पदार्थ करून आणायचा. मांस, अंडी, दूध, तूप, मध, काही नाही. स्वतःला ते व्हीगन म्हणायचे.

पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात भरपूर हसून घेतलं. शेंगदाण्याचं दही म्हणून जे होतं, त्याला दही म्हणायला धाडस लागत होतं. सोयाबीनचं पनीर दातांखाली खोडरबरासारखं वाजत होतं. पण नारळाच्या दुधातली शेवयांची खीर मी दोनदा घेतली. जतकडचा एक कंपाउंडर होता, मेंढपाळांच्या घरातला. त्यानं बाजरीची भाकरी आणि कारळ्याची चटणी आणली होती. सगळं सोडलेला माणूस, पण थंडीत घोंगडं पांघरूनच यायचा. लोकर चालते का, असं कुणीतरी त्याला टोकलं, तर म्हणाला, "घोंगडं माझ्या बापाचं हाय. मी दूध सोडलंय, बाप न्हाई सोडला." तेव्हा सगळे हसले. मीही हसले.

त्याच पहिल्या दिवशी जेवणं झाल्यावर वासरांचा विषय निघाला, आणि मला आमचं रेडकू आठवलं.

मी चौथीत होते. म्हशीला रेडा झाला. रेड्याचा उपयोग काय? पान्हा फुटेपर्यंत त्याला सडाला लावायचं आणि ओढून बाजूला बांधायचं. पंधरा दिवसांत ते मेलं. आईनं त्याचं कातडं काढून घेतलं, आत पेंढा भरून शिवून आणलं आणि धारेच्या वेळी म्हशीपुढं उभं करायला सुरुवात केली. म्हैस ते चाटायची आणि दूध सोडायची. मी शेजारी पेला घेऊन बसलेली असायची. मला तेव्हा काहीही वाटलं नव्हतं, हे इथं लिहायला हवं. दूध गरम होतं आणि मला भूक होती. तीस वर्षांनी त्या गच्चीवर, पोट भरलेलं असताना, मला ते पेंढ्याचं रेडकू दिसलं आणि हातातली खिरीची वाटी खाली ठेवावी लागली. त्यानंतर मी दही लावलं नाही.

हे मी आईला शांतपणे सांगू शकले असते. विज्ञानाची शिक्षिका आहे मी, दुसऱ्याला समजावणं हेच माझं काम. पण सांगितलं ते भांडणात. पाणी प्यायलेल्या त्याच दिवशी, निघताना. आई म्हणाली, "त्या म्हशीच्या दुधावर शिकलीस तू." आणि मी म्हणाले, "तिचं प्वार उपाशी मारून शिकले, असं म्हन."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, "तवा तुजा बाप बॉर्डरवर, बर्फात हुता. घरात मी आन् तू. मी कुनाचं प्वार जगवायचं हुतं?"

मी पिशवी उचलली आणि आष्ट्यावरून जाणारी एसटी पकडली.

त्यानंतरही मी गावी जात राहिले, आणि गंमत अशी की चहा सोडला तर आई माझं सगळं सांभाळायची. माझ्या भाकरीला तिनं कधी लोणी लागू दिलं नाही. आमटीला तेलाची फोडणी, अंबाडीच्या भाजीवर लसणाचं तेल, ओल्या शेंगांचा ठेचा. हुलग्याचं माडगं करायची, हुलगा भाजून दळलेल्या पिठाचं, गूळ-सुंठ घातलेलं. माझ्या वाट्याचं आधी काढून ठेवायची, मग बाकीच्यात दूध घालायची. ते माडगं मी एकदा थर्मासात भरून गच्चीवर नेलं. लोकांनी पातेलं चाटून पुसून खाल्लं, बँकेच्या बाईंनी कृती लिहून घेतली. मी खुशीत फोन करून आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यात काय कवतिक? दुसरं काय नसायचं म्हनून आमी ते खात हुतो." आणि फोन ठेवला.

एकदा मी ओट्सच्या दुधाचा डबा घेऊन गेले. म्हटलं, चहा पांढरा दिसला म्हणजे झालं ना. आईनं तेही केलं. उकळत्या चहात ते दूध पडलं आणि फाटलं, वर चोथा तरंगायला लागला. आई बराच वेळ पातेल्यात बघत राहिली. "नासकं दूध आनलंस व्हय गं," म्हणाली आणि मोरीत ओतून दिलं. त्यानंतर मी प्रयत्न सोडला.

आण्णा, म्हणजे माझे वडील, या सगळ्यात मजेत होते. बावीस वर्षं लष्करात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. व्हीगन हा शब्द त्यांच्या तोंडी बसला नाही, त्यांनी त्याचं 'बिगर' करून टाकलं. पारावर सांगायचे, "आमची लेक बिगर झालीया. बिगरदुधाची, बिगरतुपाची, बिगरनवऱ्याची." हे ते माझ्यासमोरही म्हणायचे, आणि त्यांनी म्हटलेलं मला कधी लागलं नाही. एकदा सांगलीत गच्चीवरच्या जेवणालाही आले. सगळं मन लावून जेवले आणि हात धुताना बँकेच्या बाईंना अदबीनं विचारलं, "मटन कवा येनार म्हनायचं?"

पाण्याच्या पेल्यापुढं मला बसलेलं त्यांना बघवायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला म्हणाले, "चल गं, फाट्यापतूर पाय मोकळं करू." फाट्यावर टपरी आहे. तिथं बाकावर बसून त्यांनी सांगितलं, "दोन कोरं कर. आलं घाल." माझ्याकडे बघून म्हणाले, "वर चौकीवर पावडरीचं दूध संपलं की म्हैना म्हैना हेच. बर्फ वितळवायचा, त्यात च्याची पूड टाकायची. तुजी आई म्हनती मयताचा. आमी तर ह्येच्यावर जगलो."

मग आवाज बारीक करून, "घरी बोलू नगंस. ती लय भिती."

"कशाला भिती?"

"भिती," एवढंच म्हणाले आणि उसाच्या तोडीवर बोलायला लागले. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीचा लावला. आईला गावाची भीती, लोक काय म्हणतील याची. शिकलेल्या मुलीला आईबद्दल असा अर्थ फार पटकन लागतो.

तेव्हापासून दर खेपेला आम्ही फाट्यावर जायचो. परत आलो की आई आण्णांपुढं अर्धा पेला दूध धरायची. "प्या." आण्णा उभ्या उभ्या प्यायचे, मिशी पुसायचे, पेला तिच्या हातात द्यायचे. हे नेमकं माझ्यादेखत व्हायचं. मला वाटायचं, मला दाखवून पाजते. बघ, तुझा बाप पितो की नाही. एकदा एसटीपर्यंत सोडायला आले तेव्हा मी आण्णांना म्हणाले, "आई मला खिजवायला करती हे." ते हसले. एसटी आली, त्यांनी माझी पिशवी वर दिली.

गेल्या हिवाळ्यात एका बुधवारी आण्णा गेले. सकाळी उसाला पाणी पाजत होते. बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. मला फोन आला तेव्हा शाळेत तिसरा तास चालू होता, सातवीच्या वर्गात मी हृदयाचे कप्पे शिकवत होते. हे खरं आहे. मी असं काही रचून लिहिलं असतं तर मलाच लाज वाटली असती.

मी पोहोचले तेव्हा अंगण भरलं होतं. सगळं आटोपून माणसं परत आली, आणि शेजारची काकू किटली घेऊन आली. कपांत चहा ओतून एकेकीच्या हातात देत गेली. एक कप माझ्या हातात आला. काळा, आलं घातलेला. चार वर्षांनी त्या घरात माझ्या हातात चहा आला होता. आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं कप घेतला नाही. ती माझ्या कपाकडे बघत होती. मी तो कॉटखाली सरकवून ठेवला आणि तिथंच तो गार होत राहिला.

तेराव्या दिवशी गोड जेवण झालं. आत्यानं दुधाचा चहा केला आणि माझ्या हातात कप कोंबला. "घे, तोंड गोड कर. बाप गेला, आता तरी सोड ते येड." मी कप धरून उभी राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मी प्यायले असते. माझ्यात भांडायला काही उरलं नव्हतं. आई उठली, माझ्या हातातून कप काढून घेतला आणि आत्याला म्हणाली, "तिला चालत न्हाई." आणि तो कप तिनं तसाच ओट्यावर ठेवून दिला.

पाहुणे गेले. मी रजा वाढवून राहिले. घरात दोघीच. तिसऱ्या दिवशी दुपारी आई शेंगा फोडत होती, मीही तिच्यासोबत फोडायला बसले. पोटात धरून ठेवलेलं एक होतं, ते बाहेर आलं.

"आई, मी आन् आण्णा फाट्यावर कोरा प्यायचो."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"घरी आल्यावर च्या नगं म्हनायचं. ज्या मानसानं जल्मात कवा च्याला न्हाई म्हनलं न्हाई, त्येनी नगं म्हनल्यावर मला कळंना व्हय?" तिनं दोन शेंगा फोडल्या. "म्हनून तर दूध पाजत हुते. वरनं घोटभर दूध गेलं म्हंजी उतारा."

मी म्हणाले, "मला वाटायचं, तू मला खिजवतीस."

"तुला कशाला खिजवू?" तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

मग तिनं सांगितलं. तिच्या आवाजात काही चढ-उतार नव्हता, रानातलं काम सांगावं तसं सांगितलं. आण्णा बॉर्डरवर असताना म्हैस आटली की शेजारच्या बायका कोरा चहा करून प्यायच्या. तिनं कधी केला नाही. "नवरा तिकडं बंदुकीम्होरं उभा, आन् मी हितं मयताचा च्या पिऊ? दूध नसलं की मी च्याच करत न्हवते. डोकं ठनकायचं. फडकं बांधून भाकरी थापायचे. सासूबाई म्हनायच्या, पी गं, काय हुत न्हाई. मी न्हाई प्याले. बावीस वरसं." मूठभर शेंगा पुढं ओढून म्हणाली, "मग त्ये रिटायर हून आलं. म्हनलं, सुटले. आन् मग तू आलीस, आन् कोरा मागितलास."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. ते पेंढ्याचं रेडकू, म्हशीचा पान्हा, मी अर्ध्या पेल्यातून वाचलेला टोमणा, चार वर्षं मी ज्याला तत्त्वाचं भांडण समजत होते ते सगळं. आईच्या बाजूनं ते भांडण दुधाचं नव्हतंच. ती फक्त आण्णांना जिवंत ठेवत होती, तिला जमेल तसं.

"त्या ऐतवारी," आई म्हणाली, "शेवटच्या. तुमी फाट्यावर जाऊन आलासा. म्हस आटल्याली. घरात दूध न्हवतं. शेजारनं वाटीभर आनायचं हुतं. उठाय लागले, पुन्हा म्हनलं, ऱ्हाऊ दे. रोज रोज किती भ्यायचं." तिनं टरफलं सुपात गोळा केली. "बुधवारी गेलं."

मी विज्ञान शिकवते. रक्तवाहिनीत गुठळी कशी होते, त्याला किती वर्षं लागतात, चहाचा आणि दुधाचा तिथं काही संबंध नसतो, हे सगळं मला फळ्यावर आकृती काढून सांगता येतं. त्या दुपारी यातलं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मी एवढंच म्हणाले, "आई, कोरा पहिल्यांदा मागितला मी. तू न्हाई."

"गप," आई म्हणाली. रागानं नाही. लहानपणी पडले तर म्हणायची तसं.

आम्ही दोघी रडलो. मग राहिलेल्या शेंगा फोडल्या.

चारच्या सुमारास ती उठली आणि तिनं गॅसवर आधण ठेवलं. मी दारात उभी होते. साखर पडली, ठेचलेलं आलं पडलं, पावडर पडली. शेजारच्या काकूनं सकाळी आणून दिलेलं दूध फ्रीजमध्ये होतं. आई तिकडे वळली नाही. तिनं गॅस बंद केला आणि दोन कपांत चहा गाळला.

"आई, दूध हाय की."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आता कुनासाठी भ्यायचं?"

तिनं एक कप माझ्यापुढं सरकवला आणि दुसरा घेऊन माझ्यासमोर बसली. एक घोट घेतला. साठीपलीकडच्या माझ्या आईचा तो आयुष्यातला पहिला कोरा चहा होता. "कडू हाय गं," म्हणाली, आणि पुन्हा कप तोंडाला लावला. चार वर्षं मी हाच चहा तिच्याकडे मागत होते. मिळाला तेव्हा मला तो नको होता. मी तो सगळा प्यायले.